किती गेलं तर चालंल?

कोल्हापुरात ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, 'जेवलास काय?' जुलै-ऑगस्टात त्याच्या आधी 'पाणी किती फुटावर हाय?' हा प्रश्न येतो. बापू बारा महिने तिसराच प्रश्न विचारतात : "किती गेलं तर चालंल?" समोर भाजीवाली असो, व्याही असो की बँकेचा चेअरमन, बापूंच्या दृष्टीनं जगातली माणसं दोनच प्रकारची. आपलं किती गेलं तर चालेल हे ज्यांना माहीत आहे ती, आणि बाकीची सगळी. पहिल्या प्रकारातला माणूस बापूंना अजून भेटलेला नाही.

बापू आमच्या सहकारी बँकेच्या संगणक विभागाचे प्रमुख. त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात आणि त्यातलं एक कुणी कधी चालताना पाहिलेलं नाही. एकदा कर्ज विभागातल्या पोरानं ते मागितलं तर बापू म्हणाले, "ते लिवायचं न्हाई. ते हाय." त्या 'हाय'मध्ये बापूंचं सगळं तत्त्वज्ञान आहे. गाडीच्या दोन किल्ल्या दोन खिशांत, चष्मे दोन, आणि दोन्ही चष्म्यांच्या नंबराचा कागद तिसऱ्या ठिकाणी. कारण विचारलं तर, "चष्मे हरवल्यावर नंबर कशानं वाचणार?" हे उत्तर ऐकून मी पुढं काही विचारलं नाही.

हे वेड जुनं आहे. बँकेत संगणक आले तेव्हा रोज संध्याकाळी दिवसभराचा हिशेब टेपवर उतरवायचा आणि ती टेप बँकेबाहेर न्यायची, असा नियम होता. ती बापूंच्या जेवणाच्या पिशवीतून घरी जायची. रिकामा डबा आणि भरलेली बँक एकाच पिशवीत. घरी ती पितळी भांड्यांच्या ट्रंकेत, वहिनींच्या शालूखाली. एकदा मेव्हण्यानं ती काढून विचारलं, "कुठल्या सिनेमाची हाय ओ?" बापू म्हणाले, "चार हजार खातेदारांची हाय. इंटरव्हल न्हाई."

टेपवर भागलं ते पुरापर्यंत. २०१९च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं पंचावन्न फूट ओलांडले. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं. शिरोलीजवळ पाणी आल्यानं पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. ट्रकांच्या रांगा लागल्या आणि शहरात पेट्रोलचा टिपूस मिळेना. आमचं मुख्य कार्यालय शाहूपुरीतल्या सखल गल्लीत. यंत्रं पहिल्या मजल्यावर कोरडी होती, पण जनरेटरला डिझेल नव्हतं, आणि दोन कंपन्यांकडून घेतलेल्या दोन केबली एकाच पुलावरून गेलेल्या निघाल्या. पूल गेला तशा दोघीही गेल्या. बापू आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. पुराचं त्यांना दुःख नव्हतं. एकाच पुलावरच्या त्या दोन केबली त्यांच्या जिव्हारी लागल्या होत्या.

पूर ओसरल्यावर संचालक मंडळ बसलं. विषय क्रमांक सात : बँकेच्या माहितीची दुसरी प्रत दूरच्या गावी सतत तयार ठेवणे. बापू उभे राहिले आणि त्यांनी तोच प्रश्न टाकला.

"किती गेलं तर चालंल?"

चेअरमन दुखावले. "एक रुपया जाता उपयोगाचा न्हाई. ठेवीदारांचा पैसा हाय."

"एक रुपया नको," गुजरीतले सराफ संचालक म्हणाले.

"एक एन्ट्रीबी नको," ऊस बागायतदार म्हणाले.

बापूंनी शांतपणे पहिलं कोटेशन फिरवलं. शून्य नुकसानीचं. कागद टेबलाला वळसा घालून चेअरमनांपर्यंत येईस्तोवर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग सराफांनी घसा खाकरला. "म्हंजे... एखादं मिनिट गेलं तर तसं काय बिघडतंय?" उद्यमनगरातले फाउंड्रीवाले म्हणाले, "पाच धरा की." दुसरं कोटेशन आलं तशी पाचाची पंधरा झाली. चहा येईपर्यंत ठेवीदारांचा पैसा अर्धा तास मागं राहायला तयार होता. वकील संचालकांनी तर सुचवलं की सुट्टीच्या दिवशी दिवसभराची सूट घ्यावी. बापूंनी सगळ्यांचे आकडे वहीत लिहून घेतले, त्यांच्यापुढं नावं घातली आणि सह्या मागितल्या. सही म्हटल्यावर सगळे पुन्हा शून्यावर आले.

तेवढ्यात दुसरी जागा कुठं, यावर चर्चा घसरली. फाउंड्रीवाल्यांचं कागलला शेड रिकामं होतं. बागायतदारांची पोल्ट्री होती. एकजण म्हणाले, "पन्हाळ्यावर ठेवा. गडावर काय पाणी येतंय?" बापूंनी हात जोडले. ज्या संकटात कोल्हापूर सापडेल त्याच संकटात वीस किलोमीटरवरची जागाही सापडू शकते. वीज तीच, पाऊस तोच. (दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, गडावर जाणारा रस्ताच खचला. बापूंनी त्या बातमीचं कात्रण दोन प्रतींत लावून ठेवलं आहे.)

"मग पुणं?"

"पुण्याला जायला पुन्हा पंचगंगाच ओलांडायची. आणि साहेब, उजेडाला वेळ लागतो."

उजेडाला वेळ लागतो हे वाक्य पुढं महिनाभर बँकेत चेष्टेत वापरलं जात होतं. कॅशियरनं उशीर केला तरी लोक म्हणायचे, उजेडाला वेळ लागतो. पण बापूंचा हिशेब पक्का होता. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन यायला एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. शून्य नुकसान हवं असेल तर इथली प्रत्येक नोंद तिकडं लिहिली जाऊन 'पोचली' असा निरोप परत आल्याशिवाय पुढची नोंद करायची नाही. याला सिंक्रोनस म्हणतात. पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे एका फेरीला अडीचच्या आतबाहेर मिलिसेकंद.

"एवढ्यासाठी रडताय?" सराफ म्हणाले. "डोळ्याची पापणी लवायला याच्या पन्नासपट वेळ लागत असंल."

"पापणी एकदा लवती साहेब. व्याज आकारणीच्या रात्री एकामागं एक वीस लाख नोंदी लिवायच्या झाल्या तर?" बापूंनी फळ्यावर गुणाकार केला. नुसतं वाट बघण्यातच सव्वा तासाच्या वर. आणि साठवणीची यंत्रं जोडणाऱ्या फायबर चॅनेलच्या जुन्या रीतीत एका नोंदीला दोन फेऱ्या लागतात : आधी 'पाठवू का?', तिकडून 'पाठव', मग माल, मग पोच. म्हणजे अडीच तास. शिवाय केबल कावळ्यासारखी सरळ उडत नाही, गावागावांतून वळसे घेत जाते. सकाळी दहाला शटर उघडायचं आणि मशीन रात्रीच्या व्याजावरच अडकलेलं. "तुम्ही दारातल्या खातेदारांना सांगा, उजेडाला वेळ लागतोय म्हणून."

पुढचे दोन महिने कंपन्यांचे प्रतिनिधी येत राहिले. बापू आधी त्यांना मिसळ खायला न्यायचे. कटानं डोळ्यांत पाणी आलं की माणूस खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव. फायबर चॅनेलवाला पहिला. त्याच्या पद्धतीत एकही पाकीट वाटेत पडत नाही, कारण समोरचा किती पाकिटं ठेवून घेऊ शकतो हे आधीच कळवतो आणि तेवढीच पाठवायची. त्याला ते क्रेडिट म्हणतात. अंतर वाढलं की पोच उशिरा येते, म्हणून क्रेडिट जास्त लागतं. ढोबळ हिशेब असा की वीस किलोमीटरला आठ गिगाबिट वेगानं भरधाव जायचं तर ऐंशी. आमच्या वसुली अधिकाऱ्यांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मिसळ त्यांनी अजून मागवलीही नव्हती. "समोरचा पेलंल तेवढंच द्यायचं, आन् पोच आल्याबिगर पुढचं न्हाई? हा नियम आपल्या कर्जवाटपाला लावा की बापू!" पण या पद्धतीला फक्त स्वतःसाठी राखलेली केबल लागते. कागलपर्यंत ती परवडली असती, बंगळूरपर्यंत बँक विकावी लागली असती.

दुसरा आला एफसीआयपीवाला. त्याची युक्ती अशी की फायबर चॅनेलची पाकिटं साध्या इंटरनेटच्या पाकिटांत घालून बोगद्यातून पाठवायची. दोन गावची यंत्रणा जोडून एक होते. बापूंनी रस्सा वाढत विचारलं, "एक होती म्हंजे भानगडबी एक होती का?" प्रतिनिधी पाणी प्याला. सरळ जोडणीत तसं होतं खरं. जेसीबीवाल्यानं निपाणीत केबल तोडली की हादरा दोन्हीकडच्या जाळ्याला बसतो. तो टाळायला मध्ये वेगळा राऊटर घालावा लागतो, आणि तो कोटेशनात नव्हता. तिसरा आयस्कझीवाला. त्याचं सगळं साध्या जाळ्यावर चालतं, स्वस्त आणि मस्त, पण वाटेत पाकिटं गळायला लागली की पुन्हा पुन्हा पाठवत बसतं आणि वेग मरतो.

चौथ्यानं टाय सैल करून सांगितलं, "आमची सिस्टीम पाच नऊची. नव्व्याण्णव पूर्णांक नऊशे नव्व्याण्णव टक्के चालू." बापूंनी कॅल्क्युलेटर काढला. "म्हंजे वर्षातनं सव्वापाच मिनिटं बंद. कुठल्या दिवशी?" माणूस हसला. बापू हसले नाहीत. त्यांना खरंच तारीख हवी होती. उसाची बिलं जमा होतात तो दिवस सोडून कुठलीही चालली असती.

उसाच्या बिलांचा तो दिवस बापूंना अमावास्येसारखा. प्रतिनिधी रोजच्या सरासरीवर लाइनची रुंदी सांगायचे. पण इकडून बदल भराभर होत गेले आणि लाइन अरुंद पडली की तिकडची प्रत मागं मागं राहते. कागदावरची पाच मिनिटं त्या दुपारी चाळीस होतात. "सरासरीनं पूर येत न्हाई, आन् बिलंबी येत न्हाईत," बापू म्हणाले आणि लाइनीचं माप बिलाच्या दिवसावर घेतलं.

मग त्यांनी मंडळापुढं जो निर्णय ठेवला त्यात खरं कोल्हापूर होतं. "साहेब, आपली नदी सांगून येती. फुटाफुटानं येती. बंधाऱ्यावरचा आकडा अख्खं गाव दर तासाला बघत असतंय. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर पोराटोरांना कळतं. सांगून येणाऱ्यासाठी प्रत्येक नोंदीला थांबायचं कशाला?" योजना अशी : प्रत बंगळूरला, सहाशे किलोमीटरच्या आसपास. लाइन दक्षिणेकडून, दुसरी पूर्णपणे वेगळ्या वाटेनं. नोंद इथं झाली की काम पुढं सुरू, तिकडं ती मागून पोचेल. याला असिंक्रोनस म्हणतात. नोंदी मात्र झाल्या त्याच क्रमानं पोचल्या पाहिजेत, नाहीतर एका खात्यात पैसे जमा आणि दुसऱ्यातून निघालेच नाहीत असा चमत्कार होतो. पाणी ३९ फुटांवर आलं की बापू बॅग भरणार. ४१ला व्यवहार थांबवून उरलेलं सगळं तिकडं पोचवायचं आणि कारभार बंगळूरहून सुरू करायचा. पुरात नुकसान शून्य, आणि तेही स्वस्त कोटेशनात.

"आन् न सांगता आलं तर?" वकिलांनी विचारलं. "कोयनेसारखं?" १९६७च्या त्या डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

"तर पाच मिनिटं जातील. त्या पाच मिनिटांच्या स्लिपा आपल्याकडं असतील, एटीएमचा हिशेब समोरच्या बाजूला असतो. दोन दिवस बसून हातानं जुळवू. जुन्या लेजरवाल्यांना तेवढंच बरं वाटंल." बंगळूर भूकंपाच्या नकाशावर आपल्याहून सौम्य पट्ट्यात आहे, हेही त्यांनी जोडून सांगितलं. गेल्या चाळीस मिनिटांत पहिल्यांदाच कुणी कोटेशनकडं न बघता मान हलवली.

एक मुद्दा अडला. चेअरमनांचं म्हणणं, मध्येच लाइन तुटली तर बंगळूरनं आपण होऊन कारभार हाती घ्यावा, माणसाची वाट कशाला? बापूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. लाइन तुटली म्हणजे कोल्हापूर बुडालं असं नाही. इकडचं मशीन स्वतःला मुख्य समजत राहणार, तिकडचंही समजणार, आणि दोन्हीकडं वेगवेगळ्या नोंदी सुरू. "एका राज्याच्या दोन गाद्या काय असतात हे कोल्हापूरकराला सांगायचं व्हय? १७१०च्या सुमाराला वेगळ्या झाल्या, तह व्हायला १७३१ साल उजाडलं. वारणेकाठी हद्द ठरवावी लागली. आपल्या खातेदाराला तेवढी सवड न्हाई." यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. स्वयंचलित काही नको, गादी बदलायची ती दोघांच्या सहीनं. चेअरमनांनी फक्त एवढीच विनंती केली की त्यातली एक सही आपली असावी. ती मान्य झाली. चेअरमन परगावी असतील तर कोण, हा पोटनियम बापूंनी त्याच रात्री लिहून काढला.

पहिली पूर्ण प्रत तिकडं पोचवणं हा वेगळाच अध्याय. माहिती आठ टेराबाइट. हाताशी तेव्हा आठ एमबीपीएसची लाइन. रात्रंदिवस चालली तरी ब्याण्णव दिवस. बापूंनी डिस्कांची पेटी केली, कुलूप घातलं आणि भाड्याच्या गाडीनं निघाले. पेटी मांडीवर, पट्टा दोघांना मिळून एक. सोबत गेलेला शिपाई सांगतो की बेळगावात कुंदा घ्यायला थांबू दिलं नाही, हुबळीत चहा गाडीतच, आणि बापू लघवीला गेले तेव्हा पेटी बरोबर घेऊन गेले. दुसऱ्या सकाळी आठ टेराबाइट बंगळुरात. त्या दिवशी आमच्या बँकेची सगळ्यात वेगवान लाइन डिझेलवर चालत होती. दुसरी तशीच पेटी कोल्हापुरात होतीच. ती हलवली असती तर बापूंनी श्वास घेतला नसता.

यंत्रणा सुरू झाल्यावर पंधराच दिवसांत एका शाखेतल्या उत्साही कर्मचाऱ्यानं शे-दीडशे नोंदी चुकून पुसल्या. चेअरमन निवांत होते. "बंगळूरला हाईत की." बापूंना सांगावं लागलं की तिथूनही पुसल्या गेल्या, ताबडतोब आणि अगदी त्याच क्रमानं. दुसरी प्रत चूक ओळखत नाही, ती फक्त इमानानं पाठोपाठ येते. "मग एवढे पैसे घालून मिळालं काय?" यावर बापूंनी कपाटातून आदल्या रात्रीची टेप काढली. टेप बंद करा असा ठराव मंडळानं दोनदा केला होता आणि बापू तो दोन्ही वेळा फाइलला लावून विसरले होते. हल्ली टेप घरी जात नाही, पण वहिनी शालू अजून ट्रंकेत जरा उचलून ठेवतात, सवयीनं.

वहिनींपुढं मात्र बापूंचा प्रश्न चालत नाही. मुलीच्या लग्नात पंगतीला किती माणसं वाढली तर चालेल, आंब्याच्या पेटीतले किती नासले तर चालेल, असे आकडे काढत बसले की त्या म्हणतात, "एकबी नासलेला चालणार न्हाई. आन् हुबळीच्या गाडीत विसरलेला माझा थर्मास आधी आणा." बँकेत असिंक्रोनसचा पुरस्कार करणारा हा माणूस घरी पूर्ण सिंक्रोनस आहे : वहिनींची पोच आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. अंतर कमी असल्यानं चालतं, असं त्यांचं म्हणणं.

२०२१च्या जुलैत पाणी भराभर चढलं आणि या वेळी ५६ फुटांच्या पार गेलं. ३९ला बापूंनी बॅग भरली. ४१ला चेअरमनांची सही घ्यायला माणूस गेला तेव्हा ते जनावरं उंचावर हलवत होते. सही गोठ्याच्या भिंतीवर कागद धरून झाली. उरलेल्या नोंदी तिकडं पोचल्या, दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि बापूंनी इकडची यंत्रं बंद केली. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या शाखांत खातेदार पैसे काढत राहिले. आपण बंगळूरहून पैसे काढतोय हे कुणालाही कळलं नाही. त्या आठवड्याच्या तक्रारवहीत एकच नोंद आहे : पासबुक छापायचं मशीन बंद आहे, कर्मचारी लक्ष देत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या वार्षिक सभेत एका सभासदानं माइक ओढून घेतला. बंगळूरच्या मशीनवर एवढा खर्च आणि वापरलं ते आठवडाभर, हा उधळेपणा कुणाच्या परवानगीनं? मांडवात गलका झाला. 'उत्तर द्या, उत्तर द्या' सुरू झालं. चेअरमनांनी बापूंना पुढं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच माइक हातात आलेल्या बापूंनी आधी तो चालतो का पाहिलं, मग बाजूचा दुसरा माइकही चालतो का पाहिलं आणि विचारलं, "पुरात तुमचं बँकेतलं किती गेलं?"

सभासद विचारात पडला. "काहीच न्हाई."

"तो खर्च त्याचाच हाय."

मागच्या रांगेतून कुणीतरी 'मंजूर' म्हणालं आणि विषय अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. पुढचा विषय होता दिवाळीला सभासदांना भेट काय द्यायची : स्टीलचा डबा की जेवणाचं ताट. त्यावर पावणेदोन तास चर्चा झाली, दोघांनी सभात्याग केला, एकानं राजीनाम्याची भाषा केली आणि शेवटी डबा ठरला. चेअरमन समारोपाला उठणार एवढ्यात व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या बापूंचा हात वर गेला.

"साहेब, निम्मे डबे दुसऱ्या कारखान्यातनं घ्या."